लिंबाखालची झोप

१४ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी आबांच्या घराचा माळा रिकामा करायला घेतला.

काम साधं होतं. पुढची खोली एक तारखेपासून मोबाईल दुरुस्तीच्या दुकानाला द्यायचं ठरलं आहे. भाऊ पुण्याला असतो. मी इथेच, आखाडा बाळापुरात, चार गल्ल्या सोडून नांदते आणि पिठाची गिरणी चालवते, म्हणून घराची किल्ली माझ्याकडे आणि किल्लीबरोबर येणारी कामंही माझ्याकडे. आबा, म्हणजे आमचे वडील, गेल्या पावसाळ्यात गेले. वय झालं होतं, फार हाल न होता गेले. रडायचं ते तेव्हा रडून झालं. बंद घराला वाळवी लागते आणि उघड्या घराला माणसं लागतात, म्हणून भाडेकरू.

गिरणी नवऱ्याच्या भरवशावर सोडली, डोक्याला गमछा बांधला आणि शिडी लावली. पहिल्यांदा गोधड्या खाली टाकल्या. टाकता टाकता हात दुखले. एवढ्या गोधड्या आमच्या घरातल्या माणसांना कधीच लागल्या नसत्या. त्या परीक्षेच्या गोधड्या.

खिडकी उघडली तर हळदीचा वास आत आला. आमच्याकडे या दिवसांत वारा कुठूनही आला तरी शिजत्या हळदीचा ओलसर, मातकट वास घेऊनच येतो. बाकीच्यांना तो सुगीचा वाटतो. मला तो भूमितीचा वाटतो. मी दहावीला होते तेव्हा बाहेर अशीच हळद शिजत होती आणि आत आम्ही प्रमेयं घोकत होतो.

आबा रस्त्यावर मैल मजूर होते. बांधकाम खात्यानं रस्त्याचा एक तुकडा त्यांच्याकडे लावून दिला होता आणि तो तुकडा जगवणं हे त्यांचं काम. खड्डा पडला की मुरूम भरायचा, वर खडी टाकायची आणि धुमसानं ठोकायची. धुमस म्हणजे लांब दांड्याचा लोखंडी ठोकळा, दोन्ही हातांनी उचलायचा आणि आपटायचा. पावसाळ्यात कडेच्या नाल्या मोकळ्या करायच्या, उन्हाळ्यात झाडांना पाणी घालायचं. रस्ता चांगला असला की तो कुणी केला हे कुणी विचारत नाही. खराब असला की गाडीवाले खिडकीतून डोकं काढून विचारतात, आणि समोर घमेलं घेऊन उभा असलेला माणूस शिव्यांचा धनी होतो. आबांनी सगळी नोकरी त्या शिव्या ऐकत काढली. घरी येऊन एकही शिवी परत केली नाही. एवढ्या शिव्या जातात कुठं, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मुरुमासंगं ठोकून टाकतो."

दहावीचं केंद्र पहिल्यापासून आमच्या गावात, आणि तेव्हा आसपासच्या खेड्यांतली पोरं पेपर असेपर्यंत इथं मुक्कामाला यायची. ज्यांचे पाहुणे गावात, ती पाहुण्यांकडे. ज्यांचं कुणी नाही, ती आबांकडे. आमचं घर बौद्धवाड्यात, तीन खोल्यांचं, पत्र्याचं. पुढची खोली लांबोळकी, तिच्यात भिंतीकडे डोकी करून आठ-दहा पोरं-पोरी झोपायची, मध्ये आईची खाट. पोरं घरून शिधा आणायची, ज्वारीचं पीठ, डाळ, शेंगदाणे, तिखट. सगळ्यांचं पीठ एकाच पत्र्याच्या डब्यात जायचं. कुणाचं बारीक, कुणाचं जाडं, कुणाच्या पिठात जात्याची कच. भाकरी मात्र एकच व्हायची. तो डबा आज माझ्या गिरणीत आहे, सांडलेलं पीठ झाडून भरायला.

आबा पोरांना नावानं हाक मारत नसत, गावाच्या नावानं मारत. "ए कांडली, वात जरा खाली घे, काजळी धरली." "पिंपरी, तोंड धू आधी." कुणी विचारलं तर म्हणत, "नाव ईचारलं की आडनाव येतं मागून. गाव बरं." माझ्या दहावीच्या वर्षी मलाही सूट नव्हती. पेपर संपेपर्यंत मी माझ्याच बापाच्या घरात 'बाळापूर' होते.

आणि पहाटे ते आम्हाला धुमसानं उठवत. अंगणात उभं राहून एकदा धम्म. जरा थांबून पुन्हा धम्म. जमीन हलायची आणि गोधडीतून पाठीला लागायचं. शेजारच्या काकांची झोप मोडायची. ते पांघरुणातून ओरडायचे, "आबा, समदी गल्ली धाव्वीला बसली का?"

"बसा की," आबा म्हणायचे. "फारम भरायचा राहिला का तुमचा?"

हाक का मारत नाही, असं आईनं विचारलं तर उत्तर ठरलेलं. हाक मारली की लेकरू हूं म्हणतं आणि कूस बदलतं. जमीन हालली की उठतं. निवृत्त झाले तेव्हा सरकारी धुमस त्यांनी जमा केला आणि सुताराकडून बाभळीचा करून घेतला. तो आजही दारामागे उभा आहे.

शोकसभेत सगळ्यांनी आबांच्या सेवेबद्दल सांगितलं. शब्द चांगला आहे, मला त्याचं काही वावडं नाही. फक्त ऐकताना मला आईचे हात आठवत होते. त्या दिवसांत ती इतक्या भाकरी थापायची की संध्याकाळी तिच्या बोटांना पेला धरवत नसे. "तुमी धुमस आपटून मोकळे," ती आबांना म्हणायची. "लेकरं पास झाली की लोक म्हणणार आबांनी केलं. भाकरीचं नाव कोण घेतं?"

"तुझ्या भाकरीचं नाव पेपरात येईल बघ."

"पेपरात येऊ द्या न्हाईतर राहू द्या, दोन घागरी पाणी आणा."

आबा उठून पाणी आणायचे. आई त्यांच्या आधी पुष्कळ वर्षं गेली. तिची शोकसभा झाली नाही.

माळ्याच्या अगदी मागच्या कोपऱ्यात, पोत्यात गुंडाळलेला, पितळी स्टोव्ह निघाला. पंपाचा, तीन पायांचा. एक पाय जरा वाकडा. मी शिडीवरच थांबले. हा आमचा नव्हे. आमच्याकडे चूल होती. हा स्टोव्हवालीचा.

ती माझ्याच वर्षाला होती. तिच्या गावाचं नाव मी इथं लिहीत नाही, गावाचा काही दोष नाही आणि तिथले लोक आजही दळण घेऊन माझ्याकडे येतात. तिचा बाप मोटारसायकलवर तिला घेऊन आला. बागायतदार माणूस, बोलायला सभ्य. एका हातात पोरीची वळकटी, दुसऱ्या हातात हा स्टोव्ह. त्यांचे पाहुणे गावात होते, पण त्या घरात आजारपण निघालं होतं. दुसरं कुठं पोरीला सोडायचं, तर लोकांनी आबांचं नाव सांगितलेलं. बाप उंबऱ्याच्या बाहेर उभा राहून म्हणाला, "पोरगी आपलं आपलं करून खाईल. तुमाला तकलीफ नको."

तकलीफ कशाची, हे त्यालाही माहीत होतं, आबांनाही आणि मलाही. आई आतून बघत होती. तिनं पिठाच्या डब्याचं झाकण जरा जोरातच लावलं.

आबा म्हणाले, "बराबर हाय. त्या खिडकीखाली जागा करतो. वारं लागत न्हाई तिथं, ईझायचा न्हाई."

मला त्या क्षणी आबांचा जेवढा राग आला तेवढा त्या माणसाचा आला नाही.

गोधड्या अंगणात वाळत घातल्या आणि स्टोव्ह भंगाराच्या ढिगाकडे नेत होते, तेवढ्यात आबांचा फोन वाजला. त्यांचा बटणांचा फोन मी चालू ठेवला आहे, गॅसचा नंबर त्याला जोडलेला आहे म्हणून. फेब्रुवारीत त्याच्यावर पोरांना ठेवून घ्याल का विचारणारे फोन येतात. या आठवड्यात दोन येऊन गेले. दोघांनाही मी सांगितलं, आबा गेले, खोली भाड्यानं दिली, दुसरीकडे बघा. आता पोरं तशी फार उरलीही नाहीत. घरोघरी मोटारसायकल झाली, पोरं सकाळी येतात आणि दुपारी जातात. गेल्या वर्षी आबांकडे दोनच पोरी होत्या, तरी ते धुमस घेऊन उठलेच होते.

"हॅलो, आबा हायत का?" बाईचा आवाज.

"आबा गेले. पावसाळ्यात. मी त्यांची लेक बोलते."

"आमाला कळलंच न्हाई ओ," ती म्हणाली. मग हळूच, "बाळापूर का?"

मला बाळापूर म्हणणारं आता कुणी राहिलेलं नाही. मी विचारलं, "कोण गाव?"

तिनं गावाचं नाव सांगितलं, आणि मी हातातल्या स्टोव्हकडे बघितलं. योगायोग वगैरे मी मानत नाही. परीक्षा आली की फोन येतात, आणि एक तारखेला खोली द्यायची तर माळा आताच काढावा लागतो. तरी स्टोव्ह खाली ठेवला.

तिचं नाव सुमन. तेव्हाही माहीत होतं, पण घरात वापरलं गेलं नव्हतं. ती आता डोंगरगावला दिलेली आहे. लेक दहावीला, सेंटर बाळापूर. "सकाळच्या गाडीचा काही भरवसा न्हाई," ती सांगत होती. "हे रातंदिवस हळद शिजवून राहिले, सोडायला माणूस न्हाई. मागल्या साली आमच्या गल्लीतल्या पोरीचा पेपर बुडाला गाडीपायी. म्हटलं आबांना ईचारावं. पेपर हाईत तवर ठिवता का तिला?" आणि मग, जरा घाईनं, "संगं बारकी गॅसची शेगडी देते. तुमाला तकलीफ नको."

"शेगडी कशाला, सुमन?"

"तसं न्हाई ओ. तुमाला वझं नको म्हणून."

ओझ्यासाठीही असेल. माणूस एवढ्या वर्षांत बदलतं आणि शब्द तेच राहतात, असं होऊ शकतं. शब्द बदलतात आणि माणूस तसंच राहतं, असंही होतं. फोनवरून मला कळायचा मार्ग नव्हता, आणि अंदाज बांधत बसायची मला सवय नाही.

मी म्हटलं, "हे बघ. खोली भाड्यानं देऊन राहिले, तरी पेपर होईस्तवर भाडेकरूला थांबवते. पोरीला पाठव. पर शेगडी न्हाई. माझ्या हातचं खायचं, आन घरी सगळ्यांना सांगून खायचं. चालत असंल तर बघ."

ती म्हणाली, "ईचारून सांगते."

फोन ठेवून मी मोबाईलवाल्याला कळवलं की मार्च संपल्यावर ये. तो म्हणाला, "ताई, बोर्ड बनवून ठेवला की."

"बोर्ड नासत न्हाई," मी म्हटलं.

आता 'सांगून खायचं' असं मी का म्हटलं, ते सांगायला हवं.

सुमनला स्वयंपाक येत नव्हता. पंधरा-सोळा वर्षांच्या बागायतदाराच्या पोरीला तो कशाला येईल? ती खिडकीखाली बसून खिचडी करायची. खिचडी खाली लागायची, वर कच्ची राहायची. स्टोव्ह तुंबला की ती नुसतीच त्याच्याकडे बघत बसायची. आबा दारात उभे राहून सांगायचे, "पीन घाल. आता हवा सोड. हां, आता पंप मार, भिऊ नको." स्टोव्हला त्यांनी हात लावला नाही. लावला असता तर तिला तो घासावा लागला असता, आणि दुसऱ्या दिवशी इतिहासाचा पेपर होता. हे त्यांनी मला समजावून सांगितलं नाही. मला समजलं.

एका दुपारी पेपरवरून आल्यावर ती मागच्या अंगणात माझ्याजवळ आली. आत आई पाट्यावर लसणाची चटणी वाटत होती. सुमन म्हणाली, "बाळापूर, जराशी चटणी दे की. भाकरीचा तुकडा बी दे." मी कागदावर आणून दिली. तिनं ती बाभळीच्या आडोशाला उभं राहून, पाठ वळवून खाल्ली, बोटं चाटली, कागदाचा बोळा करून कुंपणापलीकडे टाकला. म्हणाली, "कुणाला सांगू नको हां."

ती वेगळं खायची त्याचा मला जेवढा राग होता, त्याच्या दुप्पट राग मला त्या पाठ वळवण्याचा आला. न खाणाऱ्या माणसाशी निदान भांडता येतं.

भूमितीच्या आदल्या संध्याकाळी तिचं रॉकेल संपलं. रेशनचं रॉकेल, ते आम्हालाच पुरवून पुरवून वापरावं लागायचं. आबांनी आमचा डबा माझ्या हातात दिला. "दे तिला."

मी म्हटलं, "रॉकेलला विटाळ न्हाई वाटतं?"

आबांनी स्वतः डबा नेला, तिच्या कोपऱ्याच्या अलीकडे ठेवला आणि मागे सरकले. त्या संध्याकाळी आमच्या दोन चिमण्यांची एक झाली. सगळी गावं एका चिमणीभोवती डोकी घालून बसली आणि पायथागोरसची सावली भिंतीवर हलत राहिली. खिडकीखाली स्टोव्ह फुरफुरत होता.

मी बाहेर आले तर आबा हौदापाशी पाय धूत होते. म्हटलं, "आबा, तुमाला काहीच वाटत न्हाई का?"

"वाटतं," ते म्हणाले. "पर पेपर तिचा हाय."

मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. आयुष्यात एकदाच सांगितली, पुन्हा कधी तिचा विषय काढला नाही.

"तुझ्या जन्माच्या आधीचं हाय. डोंगरगाव फाट्याच्या अलीकडं, पुलापाशी तो लिंब हाय न्हाई का, त्याच्या खाली एक पोरगी बसली होती सकाळी. कुठून तरी चालत आल्ती. मांडीवर पुस्तक. वाचता वाचता डोळा लागला तिचा. मी तिथंच खड्डा भरून राहिलो होतो. म्हटलं, लेकरू थकलंय, झोपू द्यावं. धुमस ठेवला खाली. हातानंच मुरूम दाबत बसलो, आवाज नको म्हणून. एक ट्रकवाला आला तर त्याला बी हात केला, बाबा, भोंगा वाजवू नको."

"मग?"

"मग काय. ऊन डोक्यावर आलं तवा उठली. सूर्याकडं बघितलं आन अशी रडली, अशी रडली. तिचा पेपर होता त्या दिवशी. मला काय ठावं पेपर कवा ऱ्हातो. मी आपला चांगलं करून राहिलो होतो." त्यांनी पायावर तांब्या ओतला. "पुस्तक उचललं आन आल्या वाटंनं निघून गेली. कोण गाव, ते बी ईचारायचं सुचलं न्हाई मला."

तांब्या खाली ठेवून म्हणाले, "तवापासून मी माझ्या मनाचं चांगलं करत न्हाई. लेकराला काय लागतं ते बघतो. हिला रॉकेल लागतं. तुला तिला काही शिकवायचं असंल तर पेपर झाल्यावर शिकव."

मला ते तेव्हा पटलं नाही. आजही अर्धंच पटतं. पेपर झाल्यावर कोण थांबतं? शेवटचा पेपर झाला, बाप मोटारसायकल घेऊन आला, पोरगी मागे बसली आणि गेली. शिकवायचं राहून गेलं. तिचा स्टोव्ह खिडकीखाली तसाच होता. विसरली की मुद्दाम ठेवून गेली, ते कळलं नाही. आबांनी तो थंड झालाय का बघितलं, पोत्यात गुंडाळला आणि माळ्यावर ठेवला. म्हणाले, "येईल न्यायला." त्याला त्यांनी हात लावला तो त्या दिवशी पहिल्यांदा.

मी कधी कधी त्या लिंबाखालच्या पोरीचा विचार करते. आबांच्या घरी राहून पास झालेली माणसं पुष्कळ आहेत. शोकसभेला आली होती, कुणी तलाठी, कुणी नर्स, कुणी आपली शेती बघणारे. ती नव्हती. ती कुठं असेल हे विचारण्यात अर्थ नाही. पण आबांनी एवढी वर्षं जमीन आपटली ती तिच्यासाठी, हे मात्र मला कळतं. माणूस आपल्या हातून झालेल्या एका चुकीभोवती अख्खं चांगलं आयुष्य बांधू शकतं. त्या चुकीला नावं ठेवावीत की आभार मानावेत, मला ठरवता येत नाही.

संध्याकाळपर्यंत सुमनचा फोन आला नाही. मी गिरणीवर बसले होते. एकाच जात्यातून अख्ख्या गावाचं पीठ खाली पडत होतं आणि कुणाचं कुणात मिसळलं म्हणून कुणी हरकत घेत नव्हतं. नवऱ्याला मी सगळं सांगितलं. पट्टा काढता काढता तो म्हणाला, "अट घालायची ती पेपर झाल्यावर घालायची असती."

आबांना त्यानं कधी हे बोलताना ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "पेपर झाल्यावर कोण थांबतं?"

"ते बी हाय," तो म्हणाला, आणि दिवे मालवायला गेला.

पण त्याचे शब्द डोक्यात राहिले. मीही माझ्या मनाचंच चांगलं करत होते का? माझी अट माझ्या दृष्टीनं बरोबर होती, तशी लिंबाखाली आबांनी राखलेली शांतताही त्यांच्या दृष्टीनं बरोबर होती. दोन्हीत पेपर बुडायची सोय होती. सुमनच्या घरी कुणी 'नाही' म्हटलं, आणि पेपर सुरू झाल्यावर ती पोरगी फाट्यावर गाडीची वाट बघत उभी राहिली, तर मी इथं ताठ मानेनं भाकरी थापत बसणार होते. ताठ मानेचं मला काही वाटत नाही, ती ताठच ठेवायची. पण पोरीच्या वर्षाची किंमत देऊन नव्हे.

तेव्हा निजायच्या आधी दोन गोष्टी ठरवल्या. शेगडी माझ्या घरात येणार नाही, आणि पोरीचा पेपर बुडणार नाही. दोन्ही एकदम व्हायच्या तर मधलं काम मलाच करावं लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळी लवकर मी स्कूटी काढली. स्टोव्ह राखेनं घासून पायाशी ठेवला, ज्याची वस्तू त्याला. डोंगरगावला पोहोचले तेव्हा सुमनच्या अंगणात हळद वाळत पसरलेली होती आणि तिची सासू काठी घेऊन कोंबड्या हाकत होती. सुमन ओट्यावर आली. केस पांढरे झालेत, बाकी तीच. मी सांगितलं, "फोन आला न्हाई म्हणून मीच आले. राहायला पाठवायची नसंल तर नको पाठवू. मी रोज येऊन नेईन आन आणून सोडीन. पेपर बुडू द्यायचा न्हाई."

ती माझ्याकडे बघतच नव्हती. स्टोव्हकडे बघत होती.

"काय हाय ते?" सासूनं विचारलं.

सुमननं स्टोव्ह उचलला. वाकड्या पायाला बोट लावलं. "माझा स्टोव्ह हाय, आत्याबाई," ती म्हणाली, चांगल्या मोठ्या आवाजात. "धाव्वीला मी ह्यांच्या घरी राहिले होते. ह्यांच्या घरात राहून वेगळं करून खात होते. ह्यांच्या बापानं त्याला रॉकेल दिलं." आणि मग, "चटणी मात्र ह्यांचीच खात होते. चोरून."

म्हातारी काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती.

"कशाची चटणी?" तिनं विचारलं.

"लसणाची," मी म्हटलं.

"हं," म्हातारी म्हणाली, आणि कोंबड्यांकडे वळली.

सुमननं चहा केला. स्टीलचे दोन ग्लास, एकाच पातेल्यातून भरलेले. ओट्यावर बसून दोघी प्यायलो. पिऊन झाल्यावर ग्लास कुठं ठेवायचा, याचा आमच्यासारख्यांच्या हाताला अजून क्षणभर विचार पडतो. मला तो विचार पडायच्या आत तिनं माझा ग्लास घेतला, आपला त्याच्यात घातला आणि दोन्ही आत नेले. मी विचारलं, "घरी ईचारणार होतीस, काय म्हणाले?"

आतून उत्तर आलं, "ईचारलंच न्हाई. ईचारायचं काय त्यात."

पोरगी वळकटी आणि पिठाचा डबा घेऊन बाहेर आली. शेगडी नव्हती. नाव सांगायला तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात मी म्हटलं, "बस, डोंगरगाव. वळकटी मधी धर." तिला हसू आलं. सुमनला आलं नाही. ती पदरानं तोंड पुसत आत गेली.

फाट्यावरून बाळापूरच्या रस्त्याला लागलो. रस्ता आता रुंद झाला आहे, तो लिंब त्यातच गेला. पूल तेवढा आहे. पुलापाशी आले आणि मी हॉर्न वाजवला. समोर कुणी नव्हतं, मागेही कुणी नव्हतं. पुन्हा एकदा वाजवला, लांब.

पोरगी मागे दचकली. "काहून वाजवला, मावशी?"

"कुणी झोपलं असंल तर उठंल," मी म्हटलं, आणि गाडी पुढे काढली.